मशरूमच्या मलईदार सॉसमधील पोर्क घरी कसे करावे

नाशिकमध्ये डुकराचे मांस घरी शिजवणारी कुटुंबे तशी थोडीच आहेत, आणि जी आहेत त्यांपैकी बहुतेकांच्या घरी ते विंदालूच्या, सोरपोतेलच्या किंवा झणझणीत सुक्याच्या रूपातच पानात येते. हे सगळे पदार्थ भरपूर मसाला, व्हिनेगर आणि बराच वेळ शिजवणे यांवर उभे आहेत. तोच सरावाचा हात मलईदार सॉसकडे वळला, की मांस चिवट होते, साय फुटते आणि मशरूम पाण्यात पोहत राहतात. माझ्या बाबतीत पहिल्यांदा नेमके हेच झाले. मांस कच्चे राहू नये म्हणून मी चॉपचे तुकडे कुकरमध्ये घालून तीन शिट्ट्या काढल्या होत्या. झाकण उघडले तेव्हा तळहाताएवढे तुकडे आक्रसून अर्धे झाले होते आणि त्यांचे धागे सुटे झाले होते. वर ओतलेल्या सायीने तो कोरडेपणा झाकला गेला नाही. मांस उत्तम होते, चूक आचेची होती. पोर्क बिघडते ते बहुतेक वेळा कच्चे राहील या भीतीमुळे, आणि ही भीती निराधार नसली तरी तिच्यावर अधिक चांगला उपाय आहे. तो पुढे सविस्तर दिला आहे.

कोणता भाग घ्यावा

पाठीच्या कण्यालगतचा भाग हा या पदार्थासाठी पहिली निवड आहे. खाटीक त्याचे आडवे काप करून चॉप म्हणून देतात. या भागात चरबी कमी असते आणि धागा बारीक असतो. तो लवकर शिजतो आणि तितक्याच लवकर सुकतोही, म्हणून कापाची जाडी महत्त्वाची आहे. दुकानात सांगितल्याशिवाय काप बहुधा एक सेंटिमीटरचा मिळतो. तेवढ्या पातळ कापाला वरून खरपूस रंग येईपर्यंत तो आतून जास्त शिजलेला असतो. त्यामुळे काप अडीच सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक इंच जाडीचा हवा असे स्पष्ट सांगावे, आणि कडेची चरबीची पट्टी काढू नये असेही सांगावे. कण्याच्या आतल्या बाजूचा लांबट, अतिशय मऊ भाग, ज्याला अनेक दुकानांत अंडरकट म्हणतात, तो मिळाला तर उत्तमच. त्याची वेळ मात्र आणखी कमी धरावी लागते.

खांद्याचा भाग वेगळ्या स्वभावाचा असतो. त्यात पडदे, नसा आणि चरबी भरपूर असते आणि तो झटपट परतून कधीच मऊ होत नाही. त्याची कृती शेवटी वेगळी दिली आहे. पोटाचा भाग मात्र या पदार्थासाठी घेऊ नये, कारण त्याच्या चरबीवर पुन्हा सायीचा थर चढला की दोन घासांत तोंड मिटते.

नाशिकमध्ये पोर्क कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत नाही. देवळाली कॅम्प, नाशिक रोड आणि शरणपूर रोडच्या बाजूला ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबांकडे चौकशी केली, तर ताजे मांस कोणत्या वारी येते ते कळते. नाहीतर गोठवलेली पाकिटे विकणाऱ्या दुकानांचा आधार घ्यावा लागतो. ताजे मांस फिकट गुलाबी ते गुलाबी-लालसर असावे, चरबी पांढरी आणि घट्ट असावी, बोटाने दाबले असता खळगा भरून यावा आणि वास जवळजवळ नसावा. मांसात शिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढरट, पाणीदार दाणे दिसले तर ते मांस घेऊ नये, कारण त्या फीतकृमीच्या अळीच्या गाठी असू शकतात. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. या कृमीमुळे मेंदूला होणारा आजार थेट मांस खाल्ल्याने होत नाही. अस्वच्छ हातांतून, दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या कच्च्या भाज्यांतून कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे तो होतो. अर्धवट शिजलेल्या मांसातून पोटातला फीतकृमी होतो, आणि ते मांस नीट शिजवले की टळते. म्हणूनच जेवणाबरोबरचे काकडी-टोमॅटो स्वच्छ धुणे हे मांस शिजवण्याइतकेच गांभीर्याने घ्यावे.

गोठवलेले पाकीट घेताना आत सुट्या बर्फाचा जाड थर किंवा गोठलेले लालसर पाणी दिसले, तर ते मांस मध्येच एकदा वितळून पुन्हा गोठवले असण्याची शक्यता असते. एका दुकानातून मी असेच पाकीट घाईत उचलून आणले होते. त्या मांसाने कढईत इतके पाणी सोडले की तुकडे भाजले जाण्याऐवजी उकडले गेले. चांगले पाकीट मिळाल्यावर ते ओट्यावर न ठेवता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवून चोवीस तास वितळू द्यावे.

साहित्य

चार जणांसाठी अडीच सेंटिमीटर जाडीचे चार चॉप घ्यावेत, त्यांचे एकूण वजन सुमारे ७५० ग्रॅम असावे. मीठ मांसाच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे साडेसात ग्रॅम लागते. ते सपाट भरलेल्या चहाच्या चमच्याने साधारण सव्वा चमचा भरते, पण छोटा वजनकाटा असेल तर तोच वापरावा. बटण मशरूम ४०० ग्रॅम, म्हणजे बाजारात मिळणारी २०० ग्रॅमची दोन पाकिटे घ्यावीत. त्याखेरीज एक मध्यम कांदा, लसणाच्या सहा पाकळ्या, दोन मोठे चमचे तेल, ३० ग्रॅम लोणी, एक चहाचा चमचा मैदा, २०० मिलिलिटर पाकिटातली ताजी साय (फ्रेश क्रीम), एक चहाचा चमचा मोहरीची तयार पेस्ट, ताजी कुटलेली मिरी, अर्ध्या लिंबाचा रस आणि थोडी कोथिंबीर किंवा पार्सली लागेल. बाजारातले पिवळे बटर वापरल्यास त्यात मीठ असते हे ध्यानात ठेवावे.

युरोपीय कृतींत थाइम हटकून येते. ते मिळाल्यास अर्धा चमचा वाळलेले थाइम घालावे. न मिळाल्यास दोन बोटांच्या चिमटीत मावेल इतका ओवा चुरडून घालावा. थाइम आणि ओवा या दोन्हींच्या वासामागे थायमॉल हेच द्रव्य आहे, त्यामुळे ही तडजोड चवीला खरोखर जुळते. ओवा चिमटीपेक्षा जास्त झाला तर मात्र पदार्थाला भज्यांचा वास येतो.

सॉससाठी १०० मिलिलिटर पांढरी वाइन आणि २०० मिलिलिटर स्टॉक हवा. द्राक्षांच्या आणि वाइनच्या या जिल्ह्यात पांढरी वाइन शोधावी लागत नाही, पण ती गोड नसलेली घ्यावी. येथे सहज मिळणाऱ्या शेनिन ब्लाँ प्रकारातल्या काही वाइन किंचित गोडसर असतात, आणि तो गोडवा आटल्यावर दुप्पट जाणवतो. त्यामुळे सॉव्हिन्यो ब्लाँ अधिक योग्य ठरते. वाइन वापरायची नसेल तर तितकाच जास्तीचा स्टॉक घ्यावा आणि आंबटपणासाठी शेवटच्या लिंबावर विसंबावे. स्टॉक विकत आणण्याची गरज नाही. मशरूमची देठे, कांद्याची एक फोड आणि चार मिरे दोन वाट्या पाण्यात वीस मिनिटे मंद उकळून गाळले की या सॉसला शोभणारा स्टॉक तयार होतो.

आदल्या रात्री : मीठ लावणे

मांस नळाखाली धुण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे, पण त्या पाण्याचे शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात. मांस शिजवले जाणारच असल्याने ते धुण्याची गरज नसते. कागदाने किंवा स्वच्छ सुती फडक्याने ते टिपून कोरडे करावे आणि फडके लगेच गरम पाण्यात धुण्यास टाकावे. कडेच्या चरबीच्या पट्टीला दर तीन सेंटिमीटरवर सुरीने चीर द्यावी. ही पट्टी तापल्यावर मांसापेक्षा लवकर आक्रसते, आणि चीर नसेल तर काप वाटीसारखा वळतो व त्याचा मधला भाग कढईला टेकतच नाही.

आता मोजलेले मीठ दोन्ही बाजूंनी सारखे लावावे आणि काप जाळीवर किंवा ताटलीत, न झाकता, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवावेत. शेजारी उघडे अन्न असू नये. पहिल्या अर्ध्या तासात मीठ मांसातले पाणी बाहेर ओढते आणि पृष्ठभाग ओला दिसतो. पुढे तेच खारट पाणी पुन्हा आत मुरते. मुरलेल्या मिठामुळे मांसाचे धागे शिजताना आपले पाणी अधिक धरून ठेवतात, आणि पृष्ठभाग सुकल्यामुळे त्याला रंग लवकर चढतो. इतका वेळ नसेल तर किमान पाऊण तास तरी द्यावा. मीठ लावून दहा मिनिटांनी कढईत टाकणे मात्र टाळावे, कारण तेव्हा पृष्ठभागावर सर्वांत जास्त ओल असते. शिजवण्यापूर्वी अर्धा तास काप बाहेर काढावेत आणि वर मिरी भुरभुरावी.

मशरूम : आधी कोरड्या कढईत

जाड बुडाची स्टीलची पसरट कढई किंवा पॅन घ्यावा. बिडाच्या तव्यावर मांस सुरेख भाजले जाते, पण वाइन आणि लिंबामुळे बिडाची चव सॉसमध्ये उतरते आणि पांढरा सॉस करडा पडतो. नॉनस्टिकमध्ये बुडाला काही धरत नाही, आणि या सॉसची अर्धी चव बुडाला धरलेल्या खरवडीतच असते.

मशरूम झटपट धुऊन लगेच पुसावेत. पाण्यात भिजत मात्र ठेवू नयेत. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतेच, त्यामुळे नळाखालच्या काही सेकंदांनी विशेष बिघडत नाही. पाऊण सेंटिमीटर जाडीचे काप करावेत. पातळ काप आटून दिसेनासे होतात. कढई मोठ्या आचेवर तापवून तेल किंवा लोणी न घालता निम्मे मशरूम पसरावेत. सगळे एकदम टाकल्यास कढई थंड पडते, म्हणून दोन घाण्यांत करणेच बरे.

येथे डोळ्यांपेक्षा कान अधिक उपयोगी पडतात. पहिल्या दोन मिनिटांत उलथण्याखाली काप चुरचुरतात, मग त्यांना पाणी सुटून कढईत चक्क रटरट उकळी ऐकू येते. चार-पाच मिनिटांनी ती रटरट थांबून बारीक तडतड सुरू होते, म्हणजे पाणी संपले. त्याच सुमारास ओल्या मातीसारखा वास जाऊन भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारा वास येऊ लागतो. आता लोण्याचा एक तुकडा, चिमूटभर मीठ आणि थाइम किंवा ओवा घालून काप कडेने तांबूस होईपर्यंत दोन-तीन मिनिटे परतावेत आणि ताटलीत काढावेत. ४०० ग्रॅम मशरूमचे आता निम्म्याहून कमी उरलेले दिसतील. ते तसेच असायला हवे, कारण जे पाणी येथे गेले नाही ते पुढे सॉसमध्ये उतरते.

मांस : आच आणि अंश

त्याच कढईत तेल घालून मध्यम-मोठ्या आचेवर तापवावे. तेल लाटेसारखे हलू लागले, पण धूर आला नाही, अशा वेळी काप आधी चिमट्याने उभे धरून चरबीची कड खाली टेकवावी आणि दीड-दोन मिनिटे ती सोनेरी होऊ द्यावी. सुटलेली चरबी पुढच्या भाजण्यासाठी उपयोगी पडते. मग काप आडवे ठेवावेत आणि तीन मिनिटे त्यांना हात लावू नये. खालची बाजू तयार झाली की काप आपोआप सुटतो. ओढावा लागत असेल तर अजून वेळ आहे असे समजावे. उलटून दुसऱ्या बाजूनेही तीन मिनिटे भाजावे.

कच्चे राहण्याच्या भीतीवरचा उपाय म्हणजे टोकदार सुईचा स्वयंपाकाचा थर्मामीटर. तो विकत घेतल्यावर उकळत्या पाण्यात बुडवून तपासावा. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे काटा शंभरावर गेला नाही म्हणून उपकरण बिघडले असे समजू नये. बर्फाच्या पाण्यात मात्र शून्य दाखवायलाच हवे. मापताना सुई कापाच्या कडेतून आडवी, बरोबर मध्यापर्यंत घालावी आणि हाडाला लागू देऊ नये.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अखंड पोर्कसाठीची सुरक्षित मर्यादा ७१ अंशांवरून ६३ अंशांपर्यंत खाली आणली, आणि त्यानंतर तीन मिनिटे मांस तसेच विसावू देण्यास सांगितले. खिम्यासाठी मात्र ७१ अंशच कायम ठेवले. मांस कोणत्या वराहपालन केंद्रातून आले आणि त्याची तपासणी कशी झाली हे आपल्याला नेहमी ठाऊक नसते, म्हणून मी घरी अखंड कापालाही ७१ अंशच देते. आदल्या रात्री मीठ मुरलेले असेल तर त्या अंशावरही काप रसदार राहतो. कुकरमधल्या तीन शिट्ट्यांत तो याच्या कितीतरी पुढे जातो.

म्हणून कढईत काप ६२-६३ अंशांपर्यंतच न्यावेत आणि ताटलीत काढून ठेवावेत. उरलेले अंश ते सॉसमध्ये पूर्ण करतील. थर्मामीटर नसेल तर शेवटी सर्वांत जाड कापाला मध्यभागी चीर देऊन पाहावे. आत गुलाबीपणा नसावा आणि निघणारा रस स्वच्छ असावा.

सॉस

कढईत चमचाभराहून अधिक चरबी असेल तर ती काढून टाकावी, पण बुडाची तपकिरी खरवड घासून काढू नये. ती काळी पडली असेल तरच कढई बदलावी, कारण करपलेली खरवड सगळा सॉस कडू करते. आच मध्यम करून उरलेले लोणी आणि अगदी बारीक चिरलेला कांदा घालावा. लासलगावचा बाजार आपल्याच जिल्ह्यात असल्याने कांद्याच्या बाबतीत आपला हात सैल असतो, पण येथे एकच मध्यम कांदा पुरतो. जास्त घातल्यास सॉस गोड होतो. कांदा पारदर्शक झाला की ठेचलेला लसूण अर्धा मिनिट परतावा, मग मैदा भुरभुरून एक मिनिट परतावा. एवढा मैदा सॉस दाट करण्यापेक्षा साय फुटू न देण्यासाठी अधिक उपयोगी पडतो.

आता गॅस क्षणभर बारीक करून वाइन ओतावी, कारण मोठ्या ज्योतीवर तिची वाफ पेट घेऊ शकते. आच पुन्हा वाढवून लाकडी उलथण्याने बुड खरवडत राहावे. सगळी खरवड विरघळून वाइन निम्म्याहून कमी झाली आणि नाकाला झोंबणारा वास गेला की स्टॉक घालावा व तोही निम्मा आटू द्यावा. हे आटवणे साय घालण्यापूर्वीच पुरे करावे. सायीसकट सॉस आटवत बसणे हे तो फुटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

पाकिटातल्या ताज्या सायीत बहुधा २५ टक्के स्निग्धांश असतो. परदेशी कृतींतली दाट साय ३५ टक्क्यांच्या वर असते आणि उकळी सहज सोसते, आपली सोसत नाही. म्हणून आच मंद करावी, साय एका वाटीत घेऊन तिच्यात दोन डाव गरम सॉस मिसळावा आणि कोमट झालेली ती साय कढईत सोडावी. घरच्या म्हशीच्या दुधावरची साय वापरणार असाल तर ती तशीच घालू नये, कारण तिच्या गुठळ्यांतून तूप सुटते. पाऊण वाटी सायीत पाव वाटी दूध घालून घोटावे आणि गाळणीतून दाबून काढावे. मोहरीची पेस्ट घालून सॉस फक्त कडेने बुडबुडे येतील इतकाच गरम ठेवावा. चमच्याच्या पाठीवर सॉसचा थर चढवून त्यावर बोटाने रेघ ओढावी. रेघ मिटली नाही तर दाटपणा बरोबर आहे.

मशरूम आणि काप, ताटलीत साचलेल्या रसासह, सॉसमध्ये सोडावेत. झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर तीन-चार मिनिटांत काप ७१ अंशांवर येतात. मापून गॅस बंद करावा आणि त्यानंतरच लिंबाचा रस थोडा थोडा घालत चव पाहावी. पाच-सहा थेंबांनी साय हलकी लागते. त्यापुढे ती आंबट लागू लागते. मीठही याच टप्प्यावर चाखून घालावे, कारण मांस, बटर आणि मोहरीची पेस्ट या तिन्हींत ते आधीच आहे.

खांद्याचे मांस असेल तर

चार सेंटिमीटरचे तुकडे करून, मीठ मुरवून, ते खरपूस परतावेत. कांदा, लसूण, वाइन आणि दुप्पट स्टॉक घालून झाकण लावून मंद आचेवर दीड तास शिजू द्यावे. या भागातले चिवट पडदे दीर्घकाळच्या मंद उष्णतेने विरघळून जिलेटिन होतात आणि तोंडात मऊ लागतात, त्यामुळे येथे कुकरही योग्य आहे. एक शिट्टी काढून मंद आचेवर वीस मिनिटे पुरतात. मशरूम आणि साय मात्र शेवटी, वर सांगितल्याप्रमाणेच घालावी.

वाढणे आणि उरलेले ठेवणे

उकडलेल्या बटाट्याचा लोणी घालून केलेला लगदा, पाव किंवा मोकळा भात यांबरोबर हा पदार्थ वाढावा. इगतपुरीकडचा इंद्रायणी चिकट असला तरी सॉस चांगला धरतो, आणि मला तोच आवडतो. निफाडकडची थंडी नाशिकपर्यंत पोहोचते त्या दिवसांत ताटल्या आधी गरम करून घ्याव्यात, नाहीतर पानात वाढेपर्यंत सायीवर पापुद्रा धरतो. पाहुणे येणार असतील तर पदार्थात पोर्क आहे आणि वाइनही आहे हे त्यांना बोलावतानाच सांगावे.

उरलेले दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन दिवसांत संपवावे. ते गोठवू नये, कारण वितळताना साय फुटते. पुन्हा गरम करताना दोन चमचे दूध घालून मंद आचेवर, सतत हलवत, पूर्ण वाफ येईपर्यंत तापवावे.